सेशन उडालं, आता काय?

आयबीएमने जून 1988 मध्ये एएस/400 ही संगणकप्रणाली जाहीर केली. नावं बदलत आज ती आयबीएम आय झालीय. पण कारखान्यांत, गोदामांत, बँकांत तिचा हिरव्या अक्षरांचा पडदा अजून चालू आहे. तक्रारही ठरलेली: "साहेब, सेशन उडालं!" खापर अर्थातच मशीनवर. माझं मत विचाराल तर आधी नेटवर्कचा रस्ता तपासावा, मशीन नंतर.

पहिला प्रश्न एवढाच: काम चालू असताना उडालं, की जेवून आल्यावर?

जेवून आल्यावर उडत असेल, तर संशय फायरवॉलवर. ती प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवते आणि बराच वेळ हालचाल दिसली नाही की पुसून टाकते. अनेक ठिकाणी ही मुदत तासाभराची असते. इकडे टीसीपी समोरच्याला "आहेस का?" विचारतं ते मूळ सेटिंगप्रमाणे 120 मिनिटांनी! तोवर नोंद गेलेली, पण दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नाही. मग एंटर दाबला की पडदा ढिम्म. हे सेशन ज्यावर चालतं त्या टेलनेटची स्वतःची विचारपूस मात्र 600 सेकंदांनी होते. ती कुणी शून्यावर नेऊन बंद तर केली नाही ना, हे 'चेंज टेलनेट अॅट्रिब्यूट्स' या कमांडमध्ये पाहा. हा आकडा फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमीच हवा.

भर कामात उडत असेल, तर ड्युप्लेक्स बघा, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात (फुल) की आळीपाळीने (हाफ). मशीनची लाइन फुल ड्युप्लेक्सवर पक्की केलेली आणि स्विचचा पोर्ट ऑटोवर असला, तर स्विच हाफ धरून चालतो. पिंग सुरळीत जातं, तिथेच सगळे फसतात. महिनाअखेरीचे मोठे रिपोर्ट सुटले की पॅकेट गळायला लागतात.

आणखी एक. तुटलेल्या सेशनचा मशीनवरचा जॉब लगेच मरेलच असं नाही. डिस्कनेक्ट अवस्थेत तो मूळ सेटिंगप्रमाणे 240 मिनिटं राहू शकतो, रेकॉर्ड लॉक करून! शेजारच्या टेबलावरचा माणूस मग तेच बिल उघडायला बसतो आणि चरफडतो. एम्युलेटरमध्ये डिव्हाइसला ठरावीक नाव दिलेलं असलं, तर त्याच नावाने, त्याच युजरने साइन-ऑन करून जुना जॉब परत धरता येतो. आपोआप मिळणाऱ्या नावावर त्याचा भरवसा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सेशन उडालं की सपोर्टला फोन करण्याआधी नेमकी वेळ आणि डिव्हाइसचं नाव कागदावर टिपून घ्या. हिस्टरी लॉग चाळणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागतं.