दुसरा विमानतळ, मालक मात्र तोच

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या देशात एस.टी.च्या थांब्यावर धड छप्पर नाही, त्या देशात विमानतळाची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या उत्तरापासूनच आरंभ करतो. विमानतळ उभा राहतो तो शेतकऱ्याच्या आणि कोळ्या-आगऱ्याच्या जमिनीवर. ती जमीन संपादन होते सरकारच्या अधिकारात, सार्वजनिक प्रयोजनाच्या नावाने. तेथे सामान वाहतो, फरशी पुसतो, पहारा देतो तो आपल्याच वस्तीतला मुलगा, आणि बहुधा ठेकेदारामार्फत. शिवाय विमानात आज केवळ धनिक बसतात असेही नाही. कारखानदाराप्रमाणेच आखाती देशात गवंडीकामाला निघालेला रत्नागिरीचा तरुणही विमानतळाचे शुल्क भरतो. तेव्हा या उद्योगाचे अर्थशास्त्र समजून घेणे ही चैन नव्हे.

जून २०२५ मध्ये नवी दिल्लीत 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ८१ वी वार्षिक सभा भरली. १९८३ नंतर तब्बल ४२ वर्षांनी ती भारतात भरत होती. पंतप्रधानांनी तिच्यापुढे भाषण केले आणि भारतीय बाजारपेठेच्या वाढीचे गोडवे गायिले गेले. विमानतळ चालविणाऱ्यांचीही 'एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल' ही स्वतंत्र जागतिक संघटना १९९१ पासून आहे आणि तिच्या परिषदाही नियमाने भरत असतात. अशा परिषदांत जे बोलले जाते ते सारेच टाकाऊ असते असे मी म्हणणार नाही. सुरक्षितता, धावपट्टीची क्षमता, इंधनाचे प्रदूषण यांवर तेथे गंभीर चर्चा होते. परंतु ज्यांची जमीन गेली ते आणि जे तेथे राबतात ते, असे दोन घटक त्या सभागृहांत यजमान म्हणून कधी दिसत नाहीत. ज्यांची मालकी आहे आणि ज्यांचे भाडे आहे, त्या दोघांचाच तो संवाद असतो.

या दोघांतही एकमत नाही. ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जून २०१८ मध्ये सिडनी येथे भरलेल्या सभेत याच 'आयाटा'ने जगातील सरकारांना उद्देशून ठराव केला, की विमानतळांच्या खाजगीकरणाबाबत सावधगिरी बाळगा. हा ठराव करणारे कोणी समाजवादी नव्हते. ते विमान कंपन्यांचे चालक होते, स्वतः भांडवलदार होते. त्यांना असे का म्हणावे लागले?

कारण विमानतळ ही अर्थशास्त्राच्या भाषेत नैसर्गिक मक्तेदारी आहे. चपलांचे दुकान महाग वाटले तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाते. विमान कंपनीला मात्र मुंबईला यायचे असेल तर मुंबईतच उतरावे लागते. अशा व्यवसायात मालकाच्या हाती दर ठरविण्याची सत्ता आपोआप येते आणि तिला आवर घालण्याचे मार्ग तीनच: सार्वजनिक मालकी, खरीखुरी स्पर्धा, किंवा कठोर नियमन. आपल्याकडे या तिन्ही मार्गांचे काय झाले, हे आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम ब्रिटनचा अनुभव पाहू, कारण खाजगीकरणाचे पाठ आपल्या अर्थमंत्रालयाने तेथूनच गिरविले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८७ साली ब्रिटिश विमानतळ प्राधिकरणाचे भाग बाजारात विकले. लंडनचे हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड हे तिन्ही विमानतळ एकाच खाजगी कंपनीच्या हाती गेले. सार्वजनिक मक्तेदारी जाऊन तिच्या जागी खाजगी मक्तेदारी आली, एवढाच फरक झाला. अखेर मार्च २००९ मध्ये तेथील स्पर्धा आयोगाने निर्णय दिला, की एका शहराचे तीन विमानतळ एकाच मालकाकडे असणे प्रवाशांच्या हिताचे नाही. कंपनीने गॅटविक, स्टॅनस्टेड आणि स्कॉटलंडमधील एक विमानतळ विकावा. त्याच वर्षी गॅटविक विकला गेला. २०१३ मध्ये स्टॅनस्टेड घेतला तो मँचेस्टरच्या विमानतळ समूहाने, ज्याची बहुसंख्य मालकी मँचेस्टर परिसरातील नगरपालिकांकडे आहे. थॅचरबाईंनी विकलेला विमानतळ फिरून लोकनियुक्त संस्थांच्या हाती यावा, हा इतिहासाचा न्यायच म्हटला पाहिजे.

आता मुंबईकडे या. २००६ साली दिल्ली व मुंबई हे देशाचे दोन सर्वांत कमावते विमानतळ खाजगी समूहांच्या हवाली करण्यात आले. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी त्या फेब्रुवारीत संप केला, पण सरकार बधले नाही. मुंबईत प्राधिकरणाकडे २६ टक्के भाग राहिले आणि उत्पन्नाचा ३८.७ टक्के हिस्सा त्याला मिळावा असे ठरले. हा हिस्सा थोडा नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच करारात असेही कलम घालण्यात आले, की मुंबईच्या परिसरात दुसरा विमानतळ झालाच तर त्याच्या निविदेत पहिल्या विमानतळाच्या चालकाला विशेष प्राधान्य मिळावे. जो दुसरा विमानतळ पहिल्याशी स्पर्धा करावयाचा, त्याचीच किल्ली पहिल्याच्या हाती देण्याची ही तजवीज होती. २०१७ साली नवी मुंबईचे काम मुंबई चालविणाऱ्या जीव्हीके समूहालाच मिळाले. तो समूह कर्जात बुडाला आणि जुलै २०२१ मध्ये मुंबईचा चालता विमानतळ व नवी मुंबईचा होऊ घातलेला विमानतळ, असे दोन्ही अदानी समूहाच्या ताब्यात गेले. त्यापूर्वी २०१९ मध्ये याच समूहाने अहमदाबाद, लखनौ, मंगळूर, जयपूर, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम हे सहाही विमानतळ ५० वर्षांसाठी मिळविले होते. एका बोलीदाराला दोनपेक्षा अधिक विमानतळ देऊ नयेत, अशी सूचना खुद्द अर्थमंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये केली होती. ती मानली गेली नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. वृत्तपत्रांनी तो महामुंबईच्या प्रगतीचा सोहळा म्हणून साजरा केला. दुसऱ्या विमानतळाची गरज होती, याबद्दल वाद नाही. मुंबईची धावपट्टी केव्हाच अपुरी पडली होती. वाद आहे तो मालकीचा. लंडनमध्ये जी चूक दुरुस्त करण्यासाठी २००९ साली कायद्याचा बडगा उगारावा लागला, ती चूक आपण बारा वर्षांनंतर जाणूनबुजून केली. दुसरा विमानतळ आला, मालक मात्र तोच राहिला. सार्वजनिक मालकी गेली आणि तिच्या बदल्यात जिचे आश्वासन होते ती स्पर्धाही आली नाही.

राहिले नियमन. त्यासाठी २००८ चा कायदा झाला आणि विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण अस्तित्वात आले. नियामक दर कसे ठरवितो हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, कारण खरी मेख तेथे आहे. विमानतळाचे दोन गल्ले असतात. एका गल्ल्यात विमाने उतरण्याचे व प्रवाशांचे शुल्क जमा होते. दुसऱ्यात दुकाने, उपाहारगृहे, वाहनतळ, जाहिराती व जमिनीचे भाडे. ढोबळ मानाने असे धरा, की विमानतळाला खर्च व वाजवी परतावा मिळून १०० रुपये लागतात आणि दुकानांच्या गल्ल्यात ४० रुपये येतात. दोन्ही गल्ले एक मानले तर प्रवाशांकडून ६० रुपयेच घ्यावे लागतील. परंतु आपल्या २०१६ च्या हवाई वाहतूक धोरणाने दुसऱ्या गल्ल्यातील केवळ ३० टक्के रक्कम हिशेबात धरण्याचे ठरविले. म्हणजे ४० पैकी १२ रुपये वजा होतात आणि प्रवाशाकडून ८८ वसूल होतात. मधले २८ रुपये चालकाच्या पदरात पडतात. त्यांतून त्याला सरकारी हिस्सा द्यावा लागतो हे खरे. पण ज्या जमिनीमुळे आणि ज्या प्रवाशांमुळे ही दुकाने चालतात, त्यांपैकी काहीही त्याने निर्माण केलेले नसते.

दुसरी मेख खर्चाच्या मान्यतेत आहे. गुंतविलेल्या भांडवलावर ठराविक परतावा मिळणार असेल तर मालक गरजेपेक्षा अधिक भांडवल गुंतवितो, हे ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ सालीच दाखवून दिले. संगमरवर जितका अधिक, तितका परतावा अधिक. नवी मुंबईत प्रवास सुरू होण्यापूर्वीच, २०२५ मध्ये, तेथून निघणाऱ्या प्रवाशासाठी देशांतर्गत ६२० व परदेशी प्रवासाला १,२२५ रुपये असे तात्पुरते शुल्क मंजूर झाले. त्या मंजुरीनुसार आखातात निघालेल्या त्या गवंड्यालाही हे १,२२५ रुपये पडणार होते.

मक्तेदारीचा दुसरा परिणाम दरांपेक्षाही गंभीर असतो. तो नियमांवर होतो. डिसेंबर २०२५ मध्ये काय घडले ते आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. हे नियम थकलेल्या माणसाच्या हाती विमान जाऊ नये यासाठी होते. देशांतर्गत प्रवासाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग ज्या इंडिगो कंपनीकडे तेव्हा होता, तिने पुरेशी तयारी केली नव्हती. हजारो उड्डाणे रद्द झाली, लोक विमानतळांवर अडकून पडले, आणि शेवटी त्या कंपनीसाठी नियमच तात्पुरते शिथिल करावे लागले. एकच कंपनी एवढी मोठी होऊ दिली, की ती अडखळली म्हणजे देश अडखळतो, आणि मग झुकावे लागते ते नियामकाला. ज्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हा आवर घालावयाचा, त्यातील जवळपास निम्मी पदे रिकामी असल्याचे संसदीय समितीने त्याच वर्षी मार्चमध्ये नोंदविले होते. खाजगी मक्तेदारी आणि अर्धे रिकामे नियामक कार्यालय, ही जोडी धोकादायक आहे.

आता जमीन आणि श्रम. नवी मुंबईची जमीन कोणी दिली? १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. विमानतळासाठी दहा गावे उठविली गेली, उलव्याचा डोंगर कापला गेला, नदीचे पात्र वळविले गेले. या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर आले. त्यांची भावना मोलाची आहे. परंतु नाव त्यांचे आणि ७४ टक्के मालकी दुसऱ्याची, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. दि. बां.नी मागितला होता तो विकासातला हिस्सा.

श्रमाचे चित्र जुलै २०२४ मध्ये कालिन्याला दिसले. विमानतळावरील सुमारे २,२०० जागांच्या भरतीसाठी पंचवीस हजारांच्या आसपास तरुण लोटले आणि चेंगराचेंगरीचा प्रसंग ओढवला. जागा होत्या सामान चढविण्या-उतरविण्याच्या. आलेल्यांत पदवीधरही होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: सरकारी विमानतळ गलिच्छ होते, खाजगी झाले म्हणून सुधारले. पहिल्या अर्ध्या भागात तथ्य आहे. जुन्या सांताक्रूझच्या रांगा, गळकी छपरे आणि बेफिकीर कारभार यांचे समर्थन करण्याचे आपल्याला कारण नाही. पण दुसरा अर्धा भाग त्यातून निष्पन्न होत नाही. जगातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत अग्रगण्य असलेला अटलांटाचा विमानतळ त्या नगराच्या मालकीचा आहे, आणि तो देश भांडवलशाहीचा बालेकिल्ला आहे. सिंगापूरचा चांगी सरकारच्या मालकीचा आहे. इतके दूर तरी कशाला जावे? १९९९ साली सुरू झालेला कोचीनचा विमानतळ केरळ सरकार आणि हजारो अनिवासी केरळी यांच्या भागभांडवलातून उभा राहिला. सरकार सर्वांत मोठे भागधारक आहे आणि मुख्यमंत्री अध्यक्ष असतात. तो नफा मिळवितो, लाभांश वाटतो, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये संपूर्णपणे सौर ऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ ठरला. कार्यक्षमता खाजगी मालकीची मिरासदारी नाही, याला आणखी पुरावा कोणता हवा?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. पुरंदर तालुक्यातील सात गावांत विमानतळाच्या भूसंपादनाला २०२५ मध्ये तीव्र विरोध झाला. त्यांत जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे खानवडीही आहे. तेथील शेतकऱ्याला दर किती मिळणार एवढीच चर्चा चालते. उद्या त्या धावपट्टीचा मालक कोण, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. जमीन गेल्यावर तो विचारण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मुंबईचे दोन्ही विमानतळ एका चालकाकडे असावेत काय, याची स्पर्धा आयोगाने जाहीर चौकशी करावी. दर ठरविताना दोन्ही गल्ले एक धरावेत. सिडकोच्या २६ टक्के भागांच्या आधारे संचालक मंडळावर प्रकल्पग्रस्तांचा प्रतिनिधी घ्यावा आणि वर्षाचा हिशेब मराठीत गावोगाव प्रसिद्ध करावा. कायम स्वरूपाच्या कामावर ठेकेदारी नको. आणि महाराष्ट्रात यापुढे जो विमानतळ होईल तो कोचीनच्या धर्तीवर, राज्य सरकार, स्थानिक संस्था आणि जमीन देणारे शेतकरी यांच्या भागीदारीत व्हावा.

या मागण्या घेऊन उलवे, पनवेल, कालिना आणि पुरंदर येथे सभा घ्या. गल्ल्याचे ते साधे गणित फळ्यावर मांडून दाखवा. ते समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बाजाराच्या दिवशी भाजी विकणारी बाई ते आपल्यापेक्षा लवकर समजेल.