मोटारींतील खर्ज

तबल्याच्या जोडींतील उजव्या हाताचा बोल मोटारींत स्वच्छ ऐकूं येतो. डाव्या हाताखालच्या डग्ग्याचा घुमारा मात्र वाटेंत कोठें तरी नाहींसा होतो. नवी मोटार घेतलेल्या पुष्कळ गृहस्थांचा हा अनुभव आहे. घरच्या यंत्रावर जें गाणें भरदार वाटतें, तेंच पुण्याहून नाशिककडे जातांना पोकळ भासतें. मग कोणी म्हणतो, गाडीचा रेडिओच हलका. कोणी म्हणतो, एवढ्याशा जागेंत खर्ज मावणार कसा? यांपैकीं पहिल्या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. दुसरें अगदींच चुकीचें आहे.

अमेरिकेंत १९३० सालीं गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें ‘मोटोरोला’ या नांवानें मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला, तेव्हां चालत्या गाडींत आवाज ऐकूं येतो हेंच नवल होतें. तो आवाज कसा आहे, हा प्रश्न पुढचा. आतां मात्र ऐकणाऱ्याचा कान घरच्या यंत्रांनीं तयार झालेला असतो, आणि तक्रार तेथूनच सुरू होते.

खर्जाचा स्वर काढणें हें मुळांत हवा ढकलण्याचें काम आहे. स्वर एक सप्तक खालीं उतरला कीं, तेवढाच जोर टिकविण्यासाठीं ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला चौपट अंतर पुढेंमागें हालावें लागतें. दारांत बसविलेल्या सुमारें १६ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याला तें झेपत नाहीं. त्यांत मनुष्याचा कानहि खर्जाच्या बाबतींत मंद. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालींच दाखवून दिलें कीं, हलक्या आवाजांत खालचे स्वर मधल्या स्वरांहून पुष्कळच कमी जाणवतात. शिवाय चाकांची घरघर बव्हंशीं याच पट्टींतली. उरलासुरला खर्ज तिच्याखालीं झांकला जातो.

दुसरी अडचण शक्तीची. इंजिन चालू असतां मोटारींत विजेचा दाब सुमारें १४ व्होल्ट असतो. कारखान्यांतून आलेल्या साध्या रेडिओला तेवढ्यावरच भागवावें लागतें, आणि चार ओहमच्या ध्वनिक्षेपकास त्यांतून हिशेबानें फार तर २५ वॉट स्वच्छ शक्ति मिळते. प्रत्यक्षांत ती २० च्याहि आंत राहते. वेगळा अँप्लिफायर हा दाब आपल्या पोटांत आधीं वाढवून घेतो, म्हणून तो दोनशें-तीनशें वॉट देऊं शकतो. खोक्यावर ठळक अक्षरांत हजार-दोन हजारांचे आंकडे छापलेले असतात, त्यांस भुलूं नये. ‘आर. एम. एस.’ या अक्षरांपुढें बारीक टाइपांत जो आंकडा असेल तोच खरा.

सबवूफर, त्याची पेटी आणि अँप्लिफायर ही सामग्री विकत घेणें सोपें. काळजी घ्यावयाची ती तारेची. ३०० वॉट देणारा आधुनिक ‘डी’ वर्गाचा अँप्लिफायर पूर्ण जोरांत सुमारें ३० अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह रेडिओच्या बारीक तारेंतून नेतां येत नाहीं. त्यासाठीं बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत आठ-दहा चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार ओढावी लागते. बाजारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. दिसण्यांत फरक नाहीं. पण ॲल्युमिनियमची वहनशक्ति तांब्याच्या सुमारें साठ टक्केच असल्यामुळें ती लवकर तापते.

ही तार इंजिनाच्या बाजूकडून आंत येते ती पत्र्याच्या एका भोंकांतून. गाडी चालूं लागली कीं, पत्र्याची धार तारेच्या आवरणाला रोज थोडी थोडी घांसते. मोटारीचा सारा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोंकाला जोडलेला असतो. एके दिवशीं आवरण फाटून तांबें पत्र्याला लागलें, तर त्या क्षणीं शेंकडों अँपिअर प्रवाह सुटतो, तार लाल होते आणि गालिचा पेट घेतो. अँप्लिफायरवर फ्यूज आहे, मग भय कसलें, असें पुष्कळांस वाटतें. तो फ्यूज तारेच्या शेवटीं आहे. आग लागते ती वाटेंत. म्हणून बॅटरीपासून दोन वितींच्या आंत, तारेच्या आरंभींच, वेगळा फ्यूज बसविलाच पाहिजे, आणि पत्र्याच्या भोंकांत रबराची कडी घातली पाहिजे. फ्यूज तार सोसेल तेवढ्याच अँपिअरचा घ्यावा. तो वारंवार उडतो म्हणून मोठा घालणें हा शुद्ध वेडेपणा आहे. साऱ्या सामग्रींत सर्वांत स्वस्त वस्तु हीच, आणि घाईंत गाळली जाते तीहि हीच. तार ओढतांना पिवळ्या आवरणाच्या तारा दिसल्या, तर त्यांस हात लावूं नये. त्या अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या असतात.

आतां रेडिओकडून गाणें घ्यावयाचें कसें? कारखान्याच्या रेडिओला बहुधा त्यासाठीं निराळें तोंड नसतें. मग मागच्या ध्वनिक्षेपकांच्या तारांना जोडून, मध्यें एक लहानसें रूपांतरक यंत्र बसवून, तो जोरदार संकेत अँप्लिफायरला सोसेल इतका सौम्य करतात. कांहीं अँप्लिफायर हें काम स्वत:च करतात. येथें एक गंमत आहे. कित्येक नव्या गाड्यांचे रेडिओ, आवाज वाढवितांच आपले नाजूक ध्वनिक्षेपक फाटूं नयेत म्हणून, खर्ज आपणच कमी करतात. तो कमी झालेला संकेत कितीहि वाढविला, तरी नसलेला खर्ज त्यांतून निघणार कोठून? अशा गाडींत संकेत दुरुस्त करणारें यंत्र मध्यें घालावें लागतें. हें आधीं विचारून घ्यावें. अँप्लिफायर रेडिओबरोबर चालू-बंद करणारी एक बारीक तारहि जोडावी, नाहीं तर सकाळीं बॅटरी रिकामी सांपडते.

जागेच्या लहानपणाचें काय? तें येथें उपकारकच ठरतें. बंद मोटारींत, आंतल्या लांबीच्या मानानें ध्वनीची लाट फार मोठी झाली कीं, हवेचा दाब सर्वत्र एकदम चढतो-उतरतो आणि खर्ज आपोआप बळावतो. ५० कंपनांच्या स्वराची लाट सुमारें सात मीटर लांब. गाडीचा अंतर्भाग तीनएक मीटरचा. यामुळेंच साध्या बंद पेटींतला लहान सबवूफर मोटारींत घरच्यापेक्षां खोल वाजतो. पेटी पट्ट्यांनीं घट्ट बांधावी; एकाएकीं ब्रेक लागला तर ती मागच्या आसनावरील मुलांच्या डोक्यावर येईल.

जुळवणी करतांना ‘गेन’ लिहिलेली कळ आवाज वाढविण्याची समजून कोणी शेवटपर्यंत फिरवितात आणि मग घरघर ऐकत बसतात. ती केवळ रेडिओ व अँप्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठीं आहे. सुमारें ८० कंपनांच्या वरचे स्वर सबवूफरकडे जाऊं देऊं नयेत. एकदां उलट-सुलट कळ फिरवून पाहावी. ज्या बाजूस खर्ज अधिक भरीव वाटेल ती योग्य.

रात्रीं परततांना आपल्या गल्लींत शिरण्यापूर्वीं तो कमी करावा. २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा वस्तीच्या भागांत मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि खर्जाला भिंती अडवीत नाहींत.

परीक्षेसाठीं परिचयाचें एखादें तबल्याच्या साथीचें गाणें लावावें. डग्गा डिकींत वाजतो आहे असें वाटलें, तर जोर अधिक झाला. तो गवयाच्या शेजारीं बसलेला वाटेपर्यंत कमी करावा. महिन्याभरानें एकदां बॅटरीजवळचा आणि सांगाड्यास जोडलेला, असे दोन्ही सांधे हातानें चांचपून पाहावे. गरम लागले तर ते सैल आहेत.