पैसा ठेवताना आणि उचलताना



सेलू, देवळी, आर्वीकडच्या गटांच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, आता इतक्या बँका झाल्या, पैसा ठेवायचा कुठं?" आज त्याबद्दलच बोलू.

खेड्यात बँक आपोआप आली नाही. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या, १९८० मध्ये आणखी ६. त्यानंतर गावोगावी शाखा निघाल्या. १९७५ मध्ये ग्रामीण बँका सुरू झाल्या. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामील झाली. पासबुकावरचं नाव बदललं म्हणून घाबरू नका, खात्यातला पैसा तुमचाच आहे.

आणि विदेशी बँका? त्या मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. त्यातली सिटी बँक २०२३ मध्ये आपला सामान्य ग्राहकांचा व्यवहार ॲक्सिस बँकेला विकून मोकळी झाली. आपल्या गावात विदेशी बँकेची पाटी दिसत नाही. पण दारात येऊन कर्ज देणाऱ्या काही मायक्रोफायनान्स कंपन्यांत बाहेरदेशचा पैसा असतो. पैसा कुठलाही असो, नियम इथलाच. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम सांगतो, की वर्षाला ३ लाखांपर्यंत कमाई असलेल्या घरावर सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त नसावेत. एक कर्ज फेडायला दुसरं उचलण्याआधी हा हिशेब घरी करा.

आता ठेवीचं. बँक आपली म्हणून पक्की, असं नसतं. २०१२ मध्ये नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांवर नव्या ठेवी घेण्याची बंदी आली होती. भांडवल कमी पडलं होतं. पुढे केंद्र आणि राज्य सरकारला मदत करावी लागली. तोवर शेतकऱ्यांचे काय हाल झाले, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

म्हणून ठेवीचा विमा विचारा. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाच्या व्याजासकट ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. सरकारी, खासगी, ग्रामीण, सहकारी बँक असो की भारतातली विदेशी बँकेची शाखा, सगळ्यांना तो लागू आहे. पतसंस्थेला मात्र तो नाही. दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून सोयाबीनचा सगळा पैसा पतसंस्थेत टाकणाऱ्या बाईने हे आधी जाणून घ्यावं. जास्त व्याजामागे जास्त जोखीम असते.

शेवटची गोष्ट गटाच्या कर्जाची. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, गटाचं बचत खातंही अडवायचं नाही. कोणी "आधी एवढी एफडी करा" म्हटलं, तर अध्यक्ष आणि सचिवांनी मिळून लेखी कारण मागावं. एकटीने जाऊ नये.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपलं पासबुक आणि कर्जाचं कार्ड घेऊन या. कोणाचा पैसा कुठे आहे, त्याला विमा आहे का, आणि हप्ते किती जातात, हे एका वहीत लिहा. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीने वाचून दाखवा. हे काम तासाभराचं आहे.