मंदीच्या काळात दुकान चालते कसे ठेवावे?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात, मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यकारिणीने मला बोलण्यास सांगितले, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी डिप्लोमा झालेला माणूस. गेली वीस-बावीस वर्षे रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागात डब्यांची चाके, ब्रेक आणि स्प्रिंगा तपासतो आहे. अर्थशास्त्राशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता. पण आपल्या बिलासपुरात मराठी कुटुंबे आली ती बहुतेक रेल्वेच्या निमित्ताने, आणि त्यांतील काहींनी पुढे दुकाने थाटली. या स्मरणिकेत 'शुभेच्छुक' म्हणून ज्यांच्या जाहिराती असतात, ती ही मंडळी. त्यांच्या जाहिरातींवर आपला मांडव उभा राहतो. गेल्या काही वर्षांत त्यांतील दोन-तीन दुकानांची शटरे कायमची खाली आली. म्हणून हा विषय घेतला.

माझे या विषयातले ज्ञान घरचेच आहे. माझ्या मेव्हण्याचे बुधवारी बाजाराच्या बाजूला किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेले. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी मिळण्याचे आपल्या लोकांचे ते हक्काचे ठिकाण. सुटीच्या दिवशी मी तिथे हिशेबाला बसतो. या दुकानाने ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी पाहिली, १ जुलै २०१७ चा जीएसटी पाहिला, मार्च २०२० ची टाळेबंदी पाहिली. टाळेबंदीत किराणा चालू होता, त्यामुळे ते तरले. खरी अडचण त्यानंतर आली. जवळच एक मोठे वातानुकूलित मार्ट उघडले, आणि मोबाइलवरून सामान मागवण्याची सवय घराघरात लागली. एके दिवशी मेव्हणा मला म्हणाला, "भावजी, बंद करून जागा भाड्याने दिली तर जास्त मिळेल का, तेवढा हिशेब करून द्या."

मी हिशेब केला. भाडे खरोखरच जास्त येत होते. पण हिशेब करताना असेही दिसले की, दुकान गिऱ्हाईक नसल्यामुळे अडले नव्हते. ते फळ्यांवर अडकून पडलेल्या पैशामुळे अडले होते.

आमच्या रेल्वेच्या भांडार विभागात एक जुना नियम आहे. ज्या वस्तूला चोवीस महिने कोणी हात लावला नाही, ती 'सरप्लस' धरायची. पुढेही ती लागणार नसेल तर मोडीत काढायची. किराण्याला चोवीस महिने म्हणजे फार झाले, तिथे तीन महिने पुरेत. आम्ही दोन रविवार दुकान अर्धा दिवस बंद ठेवून प्रत्येक पुडा, प्रत्येक बरणी मोजली. तीन महिन्यांत न हललेल्या मालाचा वेगळा ढीग केला. एजन्सीच्या सेल्समनने 'बारावर एक फ्री' म्हणून गळ्यात मारलेली शांपूची खोकी, न खपणारे सरबताचे प्रकार, मुदत जवळ आलेले सूप. हा ढीग पाहून मेव्हणा बराच वेळ काही बोलला नाही. मुदतीतला माल खरेदीच्या भावात किंवा थोडा तोटा सोसून विकला, मुदत संपलेला फेकला, आणि हातात आलेल्या पैशातून रोज खपणारा माल आणला.

भांडारात दुसरी एक पद्धत आहे, तिला एबीसी म्हणतात. एकूण वस्तूंपैकी थोड्याच वस्तूंत बहुतेक पैसा असतो, त्या 'ए'. मधल्या 'बी'. आणि संख्येने पुष्कळ पण पैशाने किरकोळ त्या 'सी'. दुकानात 'ए' म्हणजे तांदूळ, तेल, साखर, डाळी, चहा. यांचा हिशेब रोज बघायचा, 'बी'चा आठवड्याने, 'सी'चा महिन्याने. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवायचे की, काही वस्तू पैशाने लहान असल्या तरी गिऱ्हाईक त्यांच्यासाठीच येते. आमच्याकडे गोडा मसाला तसा. तो संपला तर बाई मसाल्यासोबत बाकीची यादीही दुसरीकडे घेऊन जाते. अशी वस्तू कधीही संपू द्यायची नाही.

आता थोडे गणित. मालगाडीच्या बाबतीत आम्ही 'वॅगन टर्नअराउंड' पाहतो. एकदा भरलेली वॅगन रिकामी होऊन पुन्हा भरायला किती दिवस लागले, ते. दुकानातल्या रुपयालाही हेच लागू आहे. समजा, दुकानात सरासरी ४ लाखांचा माल असतो आणि खरेदीवर शेकडा १० नफा सुटतो. हा माल वर्षात ६ वेळा फिरला, तर ढोबळ नफा २ लाख ४० हजार. तोच ९ वेळा फिरला, तर ३ लाख ६० हजार. भांडवल तेच, भाव तेच, दुकान तेच. फक्त कमी कमी माल वारंवार आणायचा.

दुसरे गणित सवलतीचे. मार्टवाला सवलत देतो म्हणून आपणही सरसकट देऊ लागतो. ९० रुपयांना आणलेली वस्तू १००ला विकली तर १० रुपये सुटतात. त्यावर ५ रुपये सवलत दिली की ५च सुटतात. म्हणजे पूर्वीइतकेच कमवायला दुप्पट विक्री हवी. तेवढे गिऱ्हाईक मंदीत कुठून आणणार? भावाच्या लढाईत मोठ्याला आपण पुरे पडत नाही. सवलत द्यायचीच तर अडकलेल्या मालावर द्यावी, रोजच्या खपाच्या मालावर नाही.

मोठी दुकाने बुडत नाहीत, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. चेन्नईत १९९७ साली 'सुभिक्षा' नावाची साखळी सुरू झाली. भराभर वाढत तिची देशभर सुमारे १,६०० दुकाने झाली. २००८ च्या जागतिक मंदीत बाजारातला पैसा आटला आणि २००९ च्या सुरुवातीला ती दुकाने बंद पडली. लोक किराणा घ्यायचे थांबले नव्हते. पगार, भाडे आणि पुरवठादारांचे पैसे द्यायला रोख शिल्लक राहिली नव्हती. याउलट 'डी-मार्ट'चे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. राधाकिशन दमाणी यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे मोजकीच दुकाने ठेवली, जागा शक्यतो स्वतःच्या घेतल्या आणि पुरवठादारांचे पैसे लवकर देऊन त्या बदल्यात भाव कमी करून घेतला. त्यांच्याकडून आपल्यासारख्याने घेण्याची गोष्ट ही शेवटची. ठोक व्यापाऱ्याला रोख दिली की तो भाव सोडतो, आणि माल टंचाईत असला की पहिला फोन आपल्याला करतो.

पण रोख द्यायला ती आधी गल्ल्यात यावी लागते, आणि तिथे आडवी येते उधारी. आपल्याकडे म्हणच आहे, 'उधारीचे पोते, सव्वा हात रिते'. १,००० रुपयांची उधारी बुडाली म्हणजे दुकानदाराचे खरेदीचे ९०० रुपये गेले. शंभराच्या विक्रीवर दहा सुटत असतील तर ते भरून काढायला ९,००० रुपयांची विक्री फुकट करावी लागते. मेव्हण्याने तीन नियम केले. प्रत्येक घराला ठरावीक मर्यादा. पगारानंतर पाच तारखेपर्यंत खाते साफ. आणि मागचे दिल्याशिवाय पुढचे नाही. सांगताना त्याची जीभ अडखळत होती. बालपणापासूनचे संबंध. चार-पाच घरे तुटली, बाकीची राहिली. तुटलेल्यांपैकी दोन वर्षभराने परत आली.

आता दुकान ताजे ठेवण्याबद्दल. गाडी यार्डात शिरते तेव्हा आमची माणसे रुळाच्या दोन्ही बाजूंना उभी असतात. चाकाचा आवाज ऐकतात, लोंबणारा भाग पाहतात, तापलेला अ‍ॅक्सल बॉक्स शोधतात. याला 'रोलिंग-इन' तपासणी म्हणतात. दुकानदारानेही आठवड्यातून एकदा गल्ल्यावरून उठून दाराबाहेर उभे राहावे आणि आपले दुकान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहावे. धूळ कुठे आहे, दिवा कुठे गेला आहे, लहान मुलाला काय दिसते, म्हातारीला पायरी चढता येते का. आणि एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाने मागितलेली पण आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू तीत लिहावी. आमच्या वहीत महिनाभरात नाचणीचे पीठ सात वेळा आले. मधुमेह घरोघर आहे, आणि आम्ही सरबते भरून बसलो होतो!

वेळेचेही तसेच. पुण्याचे चितळे बंधू मिठाईवाले हे १९५० पासूनचे दुकान. दुपारी एक ते चार बंद, यावर साऱ्या महाराष्ट्राने विनोद केले. त्यांनीसुद्धा २०१७ साली दुपारी दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली. चितळ्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये? आमच्या भागात कारखान्याची पाळी सुटते, तेव्हा दुकान उघडे हवे.

दुकानात बोलणेही हवे. 'बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही.' मार्टमध्ये कोणी विचारत नाही, "वहिनी, आईंचे गुडघे कसे आहेत?" २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरचा जीएसटी कमी होऊन ५ टक्के झाला, तेव्हा मेव्हण्याने नवे भाव मोठ्या अक्षरांत लिहून दारात लावले. माल कमी ठेवलेला असल्याने जुन्या भावाचा साठाही त्याच्याकडे थोडाच होता. लोकांचा विश्वास बसला की भावातला रुपया-दोन रुपयांचा फरक ते फारसा मोजत नाहीत.

मंदीत वाढता येते का? येते. उदाहरण आपल्याच रेल्वेचे आहे. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या मात्र चालू होत्या. त्या वर्षी जुलैत विभागवार 'बिझनेस डेव्हलपमेंट युनिट' स्थापन झाली आणि आमचे अधिकारी व्यापाऱ्यांच्या दारी जाऊन "तुमचा माल आम्हाला द्या" म्हणू लागले. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, आणि शेतकऱ्याला पूर्ण वॅगन न भरता आपल्यापुरत्या पेट्या पाठवता येऊ लागल्या. सप्टेंबर २०२० ची मालवाहतूक आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त झाली. एवढी मोठी रेल्वे गिऱ्हाइकाच्या दारी गेली, मग आपल्याला संकोच कसला?

मेव्हण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेऊन संध्याकाळी कॉलनीत घरपोच द्यायला सुरुवात केली. आपल्या मंडळातल्या दोन भगिनी भाजणी आणि चकलीचे पीठ करून देतात. एफएसएसएआयची नोंदणी केली, पाकिटावर तारीख छापली. या मालात मार्टशी स्पर्धाच नाही, कारण तो तिथे मिळतच नाही. आता बंगाली आणि छत्तीसगढी शेजारीही थालीपिठाची भाजणी नेतात.

दोन गोष्टी कागदपत्रांच्या. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत वार्षिक दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला १ टक्का कर भरून सुटता येते. पण तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही, हे लक्षात घेऊन निवड करावी. आणि जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करून बँकेचे प्राधान्य कर्ज मागता येते. कर्ज घ्यावे ते फिरणाऱ्या मालासाठी. काचेच्या कपाटांसाठी आणि रोषणाईसाठी घेऊ नये.

शेवटी माझ्यासारख्या नोकरदारांना एक सांगायचे आहे. आपण महिन्याच्या सुरुवातीला खिसा भरलेला असताना मार्टमध्ये रोखीने खरेदी करतो आणि वीस तारखेनंतर आपल्या माणसाच्या दुकानात वही उघडतो. मार्ट आपल्याला एक दिवस उधार देणार नाही. टाळेबंदीत दळण आणि दूध दारात कोणी आणून दिले होते, ते आठवावे. मी कोणाला दया दाखवायला सांगत नाही. माल वाईट असेल, भाव फार जास्त असेल, तर खुशाल तोंडावर सांगावे. पण यादीतल्या निदान चार वस्तू तरी रोखीने तिथून घ्याव्यात, आणि दिवाळीपूर्वी जुने खाते साफ करावे.

दुकानदार बंधूंनी उत्सव संपताच पहिल्या रविवारी माल मोजायला घ्यावा. कोणाला मदत हवी असेल, तर मी पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन येईन. चहा मात्र तुमचा.



गणपती बाप्पा मोरया!