परक्याच्या हातावरचें गोंदण



आगगाडींत किंवा एस. टी. च्या गाडींत समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणें आपण असभ्य समजतों. त्याच्या हाताकडे पाहण्याची मनाई मात्र कोणी केलेली नाहीं. वरच्या दांडीला धरलेल्या त्या हातावर पुष्कळदां हिरवट निळ्या रेघा दिसतात. कोठें तुळशीचें वृंदावन, कोठें विंचू, कोठें नुसते पांच ठिपके, तर कोठें एखादें नांव. आपल्या शिकलेल्या घरांतून या रेघांना एके काळीं अडाणीपणाची खूण मानीत असत. आजीच्या कपाळावरचें गोंदण चालत असे. पण नव्या सुनेच्या हातावर तें दिसलें म्हणजे "खेड्यांतली आहे वाटतें" हा शेरा ठरलेला. आतां त्याच घरांतलीं नातवंडें पुण्यामुंबईच्या दुकानांत हजारों रुपये मोजून दंड गोंदवून येतात, आणि त्यांना जो तो विचारतो, "याचा अर्थ काय?" हा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटत नाहीं. कारण चित्राकडे कितीही वेळ पाहिलें, तरी हें उत्तर चित्र देत नाहीं. तें ज्याच्या अंगावर आहे, त्यालाच विचारावें लागतें.

जुनी रीत सोपी होती, पण दुःखदायक. गांवोगांव फिरणारी गोंदणारीण दिव्याचें काजळ पाण्यांत किंवा पाल्याच्या रसांत कालवी, तीनचार सुया दोऱ्यानें एकत्र बांधी आणि मुलीचा हात मांडीवर घट्ट धरून टोचूं लागे. मुलीचें लक्ष दुसरीकडे वळावें म्हणून तोंडानें गाणें चाले. वरून हळद चोळली कीं काम झालें. मोबदला बहुधा पसाभर धान्याचा. सुई कातडीच्या खालच्या थरांत पोंचते, म्हणून वरची कातडी झडत राहिली तरी रंग टिकतो. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हा रंग शरीरांतील कांहीं पेशी गिळून बसतात. त्यांतली एखादी मेली म्हणजे सुटलेला रंग तिच्या जागीं आलेली दुसरी गिळते. सोनेंनाणें येथेंच राहतें आणि गोंदण तेवढें बरोबर येतें, असें म्हाताऱ्या बायका सांगत आल्या आहेत. त्यांना ही पेशींची गोष्ट ऐकून फारसें नवल वाटलें नसतें.

एक विसंगति मला शिक्षकाच्या नात्यानें नेहमीं जाणवत आली आहे. जिनें उभ्या जन्मांत नवऱ्याचें नांव घेतलें नाहीं, आणि घेतलें तर उखाण्यांत गुंफूनच घेतलें, अशा बाईच्या हातावर तेंच नांव ठळक अक्षरांत असे. आणि तीं अक्षरें तिला स्वतःला वाचतां येत नसत. जें जिभेवर यावयाचें नाहीं, तें चारचौघांना वाचावयास खुलें! ज्याला अक्षर येतें अशा कोणत्याही वाटसरूला तें कळावें, आणि जिचें आहे तिनें तें केवळ जागेवरून ओळखावें.

निवृत्तीनंतर मी आमच्या तहसील कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज भरून देत असें. एकदां साताऱ्याकडच्या एक वृद्ध बाई निराधारांच्या अनुदानाचा अर्ज घेऊन आल्या. अंगठा उठविण्यासाठीं त्यांनीं हात पुढें केला, तों मनगटाच्या वर एक नांव दिसलें. त्यांतली वेलांटी ऱ्हस्वाच्या जागीं दीर्घ होती आणि रफार गळाला होता. पस्तीस वर्षें वह्या तपासलेल्या माणसाची नजर प्रथम कोठें जाणार? बाईंच्या तें लगेच ध्यानांत आलें.

"चुकलंय न्हवं, गुर्जी?" त्या म्हणाल्या. "लई जणांनी सांगितलं. पर त्ये माज्या भावानंच पाटीवर लिवलं व्हतं, दुसरीत व्हता तवा. गोंदनारनीनं पाटी म्होरं ठिवून तसंच काडलं."

तो भाऊ पुढें मुंबईला गिरणींत लागला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तोही होता. संपाच्या पहिल्या पावसाळ्यांत तो खोली सोडून कोठें गेला, तें घरच्यांना पुढें कधींच कळलें नाहीं. त्याचा फोटो नाहीं, पत्र नाहीं. भावाचें हस्ताक्षर म्हणून बाईंजवळ उरलें तें एवढेंच, तेंही दुसरीतल्या मुलाचें आणि सुईनें उमटविलेलें. अर्जांत भावासाठीं रकाना नव्हता. मीं बाकीचा भरून दिला.

विचारावयास माणूसच उरला नाहीं म्हणजे केवळ तर्क हातीं राहतो. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर आल्प्सच्या बर्फांत १९९१ सालीं सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचा एक मनुष्यदेह सांपडला. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या आहेत. बहुतेक नुसत्या रेघा, त्यांतल्या पुष्कळ घोटा, गुडघा, कंबर या दुखऱ्या जागांजवळ. तो वेदनेवरचा उपचार असावा, असें अभ्यासक म्हणतात. असेलही, सांगणारा गप्प आहे.

आपल्या इच्छेविरुद्ध गोंदविलेल्यांची कथा निराळी. कंपनी सरकारनें बंगालमध्यें १७९७ सालीं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदविण्याचा कायदा केला; तो प्रकार १८४९ सालीं बंद झाला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं आउशवित्सच्या छावणींत कैद्यांच्या डाव्या हातावर क्रमांक टोचले. त्या छावणींतून वांचलेल्या कांहीं वृद्धांच्या नातवंडांनीं अलीकडे इस्रायलमध्यें आजोबांचा किंवा आजीचा तोच क्रमांक स्वखुशीनें आपल्या हातावर गोंदवून घेतला आहे. आंकडा तोच, पण आजोबांनीं तो बाहीखालीं झांकला असेल आणि नातू मुद्दाम उघडा ठेवीत असेल, तर परक्यानें एका अर्थानें दोघांचे हात वाचून कसें चालेल? छत्तीसगडांतील रामनामी पंथाचें उदाहरण तर आपल्या घरचें. ज्यांना अस्पृश्य ठरवून देवळाबाहेर ठेवलें, त्यांनीं १८९० नंतरच्या दशकांत रामनाम सर्वांगावर गोंदवून घेण्यास आरंभ केला. या पंथांतल्या कांहीं वृद्धांच्या पापण्याही त्या नांवावांचून मोकळ्या राहिलेल्या नाहींत. देवळाचा दरवाजा लावतां येतो. कातडी कोण काढून घेणार?

सध्यां माझ्या ओळखीच्या एका घरांत हा विषय रोज निघतो. मुलगा माझा जुना विद्यार्थी. २०२१ सालच्या करोनाच्या सांथींत त्याची आई गेली. तिच्या हातावर तुळस गोंदलेली होती. तिची एक फांदी अर्धवट राहिलेली, कारण लहानपणीं ती रडून मध्येंच पळाली होती. मुलानें एका जुन्या फोटोवरून ती तुळस, त्या अर्ध्या फांदीसह, आपल्या दंडावर गोंदवून घेतली. आतां त्याला सैन्यांत जावयाचें आहे. भरतीच्या नियमाप्रमाणें कोपरापासून मनगटापर्यंतची आंतली बाजू आणि पंजाची पाठ एवढ्याच जागीं कायमचें गोंदण चालतें. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणें सवलत आहे, पण हा मुलगा आदिवासी नाहीं. आणि दंड त्या नियमांत बसत नाहीं. लेझरच्या झोतानें रंगाचे कण फोडतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतें. कित्येक बैठका लागतात.

वडील म्हणतात, "तुझ्या आईला विचारलं असतंस, तर तिनं आधी भरतीलाच जा म्हटलं असतं." मुलगा म्हणतो, "म्हणूनच काढवत नाही."

पहिली बैठक येत्या सोमवारची ठरली आहे. तो दवाखान्यांत जाईल कीं नाहीं, हें त्याच्या वडिलांनाही सांगतां येत नाहीं.