मुलाने मुलाला वाचायला शिकवावे



विषय लहान मुलांचा असला तरी तो पोरखेळ नाही. चौथीत गेलेल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, असे मूल अमरावती-अकोल्याकडच्या शिक्षकांनी पाहिले नसेल असे नाही. अशा मुलाला आपण 'ढ' म्हणतो आणि मोकळे होतो. मला एवढेच सांगावयाचे आहे की, त्याला वाचायला शिकविणारे माणूस पुष्कळदा त्याच्या शेजारीच बसलेले असते.

ही गोष्ट नवी नाही. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे काम १७८९ मध्ये अँड्र्यू बेल यांच्याकडे आले. देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्या धूळपाटीचीच ती बहीण. त्यांच्या मास्तरांना ती रीत रुचेना, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या मुलावर वर्ग सोपविला आणि काम सुरू झाले. १७९७ मध्ये त्यांनी लंडनला याविषयी पुस्तक छापले. १७९८ मध्ये तेथेच जोसेफ लँकॅस्टर यांनी अशीच शाळा काढली. पुढे मात्र एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले घालून खर्च वाचविण्याची ती युक्ती झाली. घोकंपट्टी वाढली, समजणे राहून गेले. तेव्हा मुलाला मास्तरांच्या जागी उभे करू नये, जोडीला घ्यावे.

जोडीला का? 'कि' मधली वेलांटी आधी काढतात आणि नंतर उच्चारतात. 'सूर्य' मधला रफार 'य'च्या डोक्यावर, पण बोलावयाचा त्याच्या आधी. आपल्याला हे अडखळणे आठवत नाही. जो कालच तेथे अडखळला, त्याला ती जागा नेमकी ठाऊक असते. वऱ्हाडी घरातले पोर 'शाळा' पाहून 'शाया' म्हणते. त्याने अक्षर बरोबर ओळखलेले असते. बोली तेवढी घरची. सोबती त्याला तेथे हिणवीत नाही.

मेळघाटात प्रश्न याहून अवघड. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू मुलाने मराठी शब्द अचूक जुळविला तरी तो त्याला कळेलच असे नाही. गुरुजींना कोरकू येत नसेल तर उलगडून सांगणार कोण? दोन्ही भाषा जाणणारी चौथीतली मुलगी! शिवाय आईबापांबरोबर मजुरीला गेलेले पोर परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्याला मागचे पान दाखविणारा कोणी लागतो.

रीत साधी आहे. रोज वीस मिनिटे, दोघांत एक पुस्तक. धाकट्याने वाचावे, थोरल्याने ऐकावे. अडले तर लगेच शब्द सांगू नये; मनात पाच अंक मोजावेत, मग अक्षर फोडून दाखवावे. धडा संपला की "काय झालं, सांग" म्हणावे. गुरुजींनी वर्गात फिरावे, चूक रुजू देऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मुलांनी एकमेकांना शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. पण ते राजीखुशीचे असावे आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, असे बजावले आहे.

"आमचा मुलगा शिकायला जातो, शिकवायला नाही," असे पालक म्हणतील. त्यांना माझे सांगणे, शिकविताना शिकविणाऱ्याचेच अधिक पक्के होते. म्हणून हुशार मुलांवरच हे काम सोपवू नका. चौथीतल्या त्या 'ढ' मुलालाच दुसरीच्या मुलाजवळ बसवा. दुसरीचे पुस्तक स्वतःसाठी उघडायला त्याला लाज वाटते; दुसऱ्याला शिकविण्यासाठी उघडताना वाटत नाही. त्या निमित्ताने तो स्वतः वाचू लागेल, आणि आपल्याला कोणी तरी विचारते, हे त्याला प्रथमच कळेल.

सुटी संपून शाळा उघडतील, तेव्हा एका वर्गात तरी हे करून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.