उभा स्कॅन

नेत्रतज्ज्ञ मित्रहो, आणि शिबिरांचा खरा भार वाहणाऱ्या, आजही मागच्याच रांगेत बसलेल्या ऑप्टोमेट्रिस्ट मंडळींनो,

अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

मेहकरकडच्या एक बाई. पन्नाशीच्या, उणे चौदाचा चष्मा, शिवणकामावर घर चालवणाऱ्या. "डॉक्टरसाहेब, शिवण मधातच वाकडी दिसते," म्हणाल्या. ओसीटी काढला, तर पीतबिंदूखाली पाणी. एवढा मोठा नंबर आणि मधोमध पाणी, म्हणजे पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असणार, असं मी धरून चाललो. तीन इंजेक्शनं दिली. पैसे सोयाबीनच्या पट्टीतून आले. पाणी होतं तिथेच राहिलं.

चौथ्या वेळी तंत्रज्ञाने आडव्याबरोबर उभाही स्कॅन काढला, आणि पीतबिंदूच्या जागी चक्क उंचवटा दिसला. अँजिओग्राफीत नव्या वाहिन्यांचा मागमूस नव्हता.

मोठ्या नंबरचा डोळा मागे लांबत जातो. एरवी साधारण २४ मिलिमीटरचा, तो २६च्या पुढे जातो आणि मागची भिंत खोलगट होते. आपलं लोणार आठवा, १.८ किलोमीटर रुंदीचा वाडगा. त्याच्या तळातून मधोमध टेकाड वर आलंय असं समजा. (लोणारात तसं काही नाही, भूगर्भवाल्यांनी मला धरू नये.) हा घुमटाकार मॅक्युला. पॅरिसच्या डेव्हिड गोशे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यांच्या १४० डोळ्यांपैकी १५ डोळ्यांत तो होता. पुढे २०११ मध्ये इमामुरा, स्पेड प्रभृतींनी दाखवलं की तिथला श्वेतपटल आजूबाजूपेक्षा जाड असतो.

पण बऱ्याच डोळ्यांत हा घुमट गोल नसतो, आडवा पसरलेला असतो, शेताच्या बांधासारखा. बांधावरून चालत गेलात तर वाट सपाटच लागते. बांध ओलांडलात की पाय चढतो नि उतरतो. आडवा स्कॅन बांधावरून चालतो. त्याला पाणी दिसतं, बांध दिसत नाही. मी तीन महिने त्या बांधावरूनच चालत होतो.

या पाण्यावर खात्रीचा इलाज अजून कुणाकडे नाही. गोळ्या, फोटोडायनॅमिक उपचार, सगळं करून झालंय. पाणी कमीजास्त होत राहतं. अनेकांची नजर तरीही बरीच वर्षं टिकते. काहींच्या पडद्याखालचा रंगद्रव्याचा थर मात्र झिजत जातो, आणि ती झीज भरून येत नाही. हे रुग्णाला सांगणं इंजेक्शन देण्याहून अवघड आहे, कारण हाती काही न देता सांगायचं असतं.

आणि उलट बाजूही आहे. याच डोळ्यांत कधी खरोखरच नव्या वाहिन्या फुटतात. तेव्हा 'घुमट आहे, पाणी असायचंच' म्हणत बसलो, तर नजर हातची जाते. तिथे इंजेक्शन लवकरात लवकर हवं. म्हणून पाणी दिसलं की आधी उभा स्कॅन, मग वाहिन्यांचा शोध, आणि सिरिंज त्यानंतर. उभ्या स्कॅनला मिनिटभरही लागत नाही.

बाई आता मोठ्या टाक्याची शिवण घेतात. काजं-बटणं सुनेकडे दिली आहेत. त्यांनी परवानगी दिली आहे, म्हणून दुपारच्या सत्रात नाव झाकून त्यांचे स्कॅन पडद्यावर लावणार आहे. आधी फक्त आडवा लावीन. निदान प्रत्येकाने कागदावर लिहायचं, शेजाऱ्याचं न बघता.